वस्तू घेण्याआधी तिची जागा लिहून घ्या: विदर्भातल्या गाव-संग्रहालय समित्यांना खुले पत्र

प्रति,
विदर्भातल्या गावोगावच्या संग्रहालय समित्या, ग्रामपंचायतींचे सरपंच व सदस्य, आणि शाळा-महाविद्यालयांत इतिहासाचं दालन उभारणारे मुख्याध्यापक व प्राचार्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गावच्या जुन्या वस्तू गावातच राहाव्यात म्हणून एखादी खोली करायची, हा विचार आता बऱ्याच ठिकाणी मूळ धरतो आहे. ग्रामपंचायतीची जुनी इमारत रिकामी होते, कुणी काचेचं कपाट देतं, आणि बघता बघता त्यात वावरात सापडलेले मणी, नाणी, खापरं, भंगलेली मूर्ती, कुणाच्या आजीचं जातं असा सगळा ऐवज जमतो. या हेतूशी आमचं भांडण नाही. उलट, अशा खोल्या वाढाव्यात असंच आम्हाला वाटतं. पण वस्तू ज्या रीतीनं गोळा होत आहेत त्यात एक मोठी खोट आहे, आणि ती आत्ताच सुधारली नाही तर या खोल्यांमुळेच आसपासच्या जुन्या जागा उकरल्या जातील.

खोट अशी: वस्तू येते, तिची जागा येत नाही. कोणत्या वावरातून, किती खोलवरून, कशाच्या सोबत, हे कुणी विचारत नाही आणि कुणी लिहीत नाही.

जागेला एवढं महत्त्व का, ते नगरधनच्या एका मुद्रेवरून कळेल. रामटेकजवळच्या नगरधनला २०१५ ते २०१८ या काळात राज्य पुरातत्त्व विभाग आणि डेक्कन कॉलेजनं उत्खनन केलं. त्यात वाकाटक घराण्याची राणी प्रभावतीगुप्ता हिच्या नावाची मातीची मुद्रा, म्हणजे मातीवर उमटवलेला शिक्का, मिळाली. लांबी ३६ मिलिमीटरच्या आसपास, वजन ६.४० ग्रॅम. एवढासा मातीचा गोळा नांगरटीत कुणाच्या पायाशी आला असता तर ढेकूळ म्हणून फुटला असता. बाजारात नेला असता तर नक्की नगरधनचाच कशावरून, हे सिद्ध करता आलं नसतं. तो ठराविक खड्ड्यात, ठराविक थरात, सोबतच्या खापरांसह नोंदला गेला, म्हणून वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन म्हणजे हेच नगरधन, या मताला त्याचा आधार मिळाला.

उलट बाजूचं उदाहरण गुंगेरियाचं. हे गाव आज मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यात आहे, १८७० साली तो भाग नागपूरच्या कारभाराखालच्या मध्य प्रांतात होता. ढोरं चारणाऱ्या पोरांना तिथे तांब्याची ४२४ अवजारं आणि चांदीचे १०२ पातळ पत्रे सापडले. पुढे तो साठा वाटला गेला. काही लंडनच्या ब्रिटिश म्युझियमला, काही नागपूरच्या अजब बंगल्याला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयाला. साठा कुठल्या थरात होता, सोबत खापर, राख, कोळसा काही होतं का, याची नीट नोंद झाली नाही. दीडशे वर्षं उलटली तरी त्याच्या काळाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. एवढं तांबं हाती असून उत्तर हाती नाही.

आता तुमच्या कपाटाकडे वळू. सगळ्यात जास्त काळजी वाटते ती मण्यांची. नागपूरजवळचं माहुरझरी हे कार्नेलियन, अगेटसारख्या दगडांचे मणी घडवण्याचं फार जुनं ठिकाण. पावसाची पहिली सर पडून गेली की अशा वावरांत मणी उघडे पडतात. ‘मणी आणून दे, पाच-दहा रुपये देतो’ असं समितीतल्या एकानं जरी म्हटलं, तरी महिन्याभरात पोरं वेचणं सोडून उकरायला लागतात. शिळावर्तुळात, म्हणजे मोठे गोटे गोल मांडून केलेल्या त्या जुन्या दफनांत, मणी प्रेताच्या गळ्यापाशी होता की मनगटापाशी, पुरुषाच्या की बाईच्या, यावरून माणसांबद्दल काही सांगता येतं. माहुरझरीच्याच उत्खननात घोड्याच्या अवशेषांसोबत डोक्यावरचे तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम मिळाले. जागेवर, मांडणीसकट मिळाले म्हणून तो घोडा सजवून पुरला होता हे कळलं. तेच तांब्याचे पत्रे पिशवीतून आले असते तर भंगार ठरले असते.

म्हणून पहिला नियम: विकत काहीही घेऊ नका. बक्षीस, मानधन, पेट्रोलचा खर्च, कोणत्याही नावानं वस्तूमागे पैसा देऊ नका. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेची आचारसंहिताही हेच बजावते: जी वस्तू बेकायदा किंवा जागा उद्ध्वस्त करून काढलेली असण्याची शंका आहे ती संग्रहालयानं घेऊ नये. दारात आलेली वस्तू नाकारली तर ती दलालाकडे जाईल, असं समित्यांमधून ऐकू येतं. जाईलही एखादी. पण तुम्ही घेता हे कळल्यावर त्या एकीमागून वीस येतील, आणि त्या वीसही कुठल्या तरी दफनातून उकरलेल्या असतील. अशा माणसाला वस्तूसकट परत पाठवण्याऐवजी बसवा, चहा द्या, आणि जागा दाखवायला घेऊन चला म्हणा. खरा शेतकरी लगेच उठतो. दलाल सबबी सांगतो.

कायद्याचं थोडं. भारतीय निखात निधी कायदा १८७८ चा आहे आणि अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची कोणतीही वस्तू सापडली तर सापडणाऱ्यानं जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचं: काय सापडलं, किती, कुठे, कोणत्या तारखेला. गावात लोक तलाठ्याला किंवा पोलीस पाटलाला सांगून मोकळे होतात, तेवढं पुरत नाही. अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावानं द्या आणि पोच घ्या. मग जाहीर नोटीस निघते, हक्क सांगायला चार ते सहा महिन्यांच्या आतली तारीख दिली जाते, आणि कुणाचाच हक्क सिद्ध झाला नाही तर वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश सापडणाऱ्याचं, एक चतुर्थांश जमीनमालकाचं. सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर तिच्यातल्या धातूची किंवा द्रव्याची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. म्हणजे वाऱ्यावर उडणारी ‘सरकार सगळं घेऊन जातं आणि काहीच देत नाही’ ही समजूत चुकीची आहे, आणि या समजुतीपायी किती तरी वस्तू सोनाराच्या मुशीत गेल्या आहेत. कायद्यात एक उणीव आहे हे मात्र आम्ही मान्य करतो. मोल द्रव्याचं धरलं जातं, त्यामुळे सोन्याला भाव मिळतो, मातीच्या मुद्रेला शून्य. ती उणीव समितीनं दुसऱ्या वाटेनं भरून काढावी. ज्या शेतकऱ्यानं न फोडता, न लपवता वस्तू कळवली त्याचा ग्रामसभेत सत्कार करा, त्याची परवानगी असेल तर त्याचं नाव वस्तूशेजारी कायमचं लावा.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावशेष आणि बहुमूल्य कलाकृतींचा, ५ एप्रिल १९७६ पासून अमलात आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती, नाणं, शिल्प, आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं महत्त्वाचं हस्तलिखित हे पुरावशेष. त्यांचा व्यापार परवान्याशिवाय करता येत नाही, आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेताच येत नाहीत. आणि संरक्षित स्थळाच्या हद्दीतून खापराचा तुकडासुद्धा उचलायचा नाही. शाळेच्या सहलीतही नाही.

आता वही. महागड्या संगणकाची गरज नाही. बांधणीची, पानांवर आधीच क्रमांक घातलेली वही घ्या, सुट्या पानांची नको. प्रत्येक वस्तूला वर्ष, त्या वर्षातली कितवी आवक आणि त्या आवकेतली कितवी वस्तू असा क्रमांक द्या: २०२६.४.३. मग लिहा तारीख, आणणाऱ्याचं नाव, गाव, गट क्रमांक, मोबाईलवरचे अक्षांश-रेखांश. यापुढचं लिहायला लोक कंटाळतात आणि खरी किंमत त्याचीच आहे. ‘नाली खोदताना, पूर्वेच्या धुऱ्यापासून आत अठरा पावलं, दीड हात खोल, वरची काळी माती संपून राखेसारखी पांढरट माती लागते तिथे, सोबत काळी-तांबडी खापरं आणि कोळसा, हाडं नाहीत, तीन जणांनी पाहिलं.’ एवढ्या चार ओळी असतील तर पन्नास वर्षांनी येणारा संशोधक त्या जागेवर जाऊन उभा राहू शकेल. ती पांढरट माती म्हणजे जुनी वस्ती. पांढरीची माती खत म्हणून वावरात टाकायची आणि घराला लिंपायची चाल जुनी आहे, म्हणून वस्तू पांढरीतली असूनही वावरात सापडू शकते. मातीचा ट्रॅक्टर कुठून आला होता हेही विचारा.

जमिनीच्या आत असलेलं काही दिसलं तर स्वतः काढू नका. फोटो काढा, वर ओलसर माती लोटा, आणि राज्य पुरातत्त्व विभागाच्या नागपूर कार्यालयाला, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या नागपूर मंडळाला किंवा नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास, संस्कृती व पुरातत्त्व विभागाला कळवा. भांडं आधीच निघून आलं असेल तर आतली माती धुऊ नका, तिच्यात धान्य असू शकतं. कोळसा हाताला न लावता अॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये बांधा. हातावरचं तेल, कागद, कापूस यातला नवा कार्बन त्यात मिसळला की कालमापन बिघडतं. लोखंड गाळून उरलेली जड काळी कीट आणि भाजक्या मातीच्या नळीचे तुकडे टाकून देऊ नका. नागपूर जिल्ह्यातल्या नाईकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी ओळखू आली ती अशाच दिसायला कवडीमोल गोष्टींमुळे.

नाण्यांचा साठा सापडला तर तो फोडून घराघरांत वाटायचा नाही. वाशीम जिल्ह्यातल्या तऱ्हाळ्याला १९३९ साली सातवाहन नाण्यांचा मोठा साठा मिळाला, इतिहासकार वा. वि. मिराशींनी तो वाचून प्रसिद्ध केला, आणि कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी यांसारख्या राजांची नावं त्या नाण्यांतून पुढे आली. साठा एकत्र होता म्हणून कोणती नाणी एकाच काळी चालत होती हे समजलं.

वस्तू टिकवण्याबद्दल सगळ्यात जास्त चुका होतात त्या लोखंडात. शिळावर्तुळातली कुऱ्हाड किंवा छिन्नी जमिनीत अडीच हजार वर्षं तग धरते आणि तुमच्या कपाटात दोन पावसाळ्यांत पोपडे होऊन गळते. कारण मातीतले क्षार धातूत मुरलेले असतात. वर काढल्यावर हवा आणि ओल मिळाली की गंज आतून फुगतो, पृष्ठभागावर नारिंगी, घाम आल्यासारखे थेंब दिसतात आणि कड सुटते. पॉलिश पेपर मारणं, तेल चोपडणं, पाण्यानं धुणं, तिन्ही घातक. उपाय साधा आहे. हवाबंद प्लास्टिकचा डबा, तळाशी वस्तूच्या वजनाइतकी कोरडी सिलिका जेल, वर छिद्रांच्या पिशवीत वस्तू, आणि आर्द्रता दाखवणारं कार्ड. आतली आर्द्रता २० टक्क्यांखाली राहिली पाहिजे. जेलनं रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून पुन्हा वापरा. आपल्याकडे मे महिन्यात ४५ अंश आणि जुलैत भिंतींना ओल, त्यामुळे मृग लागण्याआधी आणि त्यानंतर दर पंधरा दिवसांनी डबे तपासायचेच. लोखंड प्रदर्शनात ठेवायचा हट्ट असेल तर फोटो लावा आणि वस्तू डब्यात ठेवा.

तांब्यावर फिकट हिरवे, बोटानं भुकटी होणारे ठिपके दिसली तर तो तुकडा लगेच बाकीच्यांपासून वेगळा, कोरड्या डब्यात. चिंच, लिंबू, पितांबरी यांनी नाणं चकचकीत करू नका. त्या चकाकीसोबत अक्षरं जातात, आणि ती परत येत नाहीत. फुटकं भांडं फेव्हिकॉलनं किंवा झटपट चिकटणाऱ्या गोंदानं जोडू नका. पॅरालॉईड बी-७२ नावाचं राळेसारखं द्रव्य अॅसिटोनमध्ये विरघळतं आणि पुढे चूक कळली तर सांधा सोडवता येतो. क्रमांक घालायलाही तेच वापरा: १०० मिली अॅसिटोनला २० ग्रॅम, वस्तूच्या मागच्या बाजूला त्याची नखाएवढी पट्टी, ती वाळल्यावर काळ्या शाईनं क्रमांक, वर पुन्हा एक थर. मार्कर पेनाची शाई खापरात मुरते. मण्यावर, नाण्यावर, लोखंडावर काहीच लिहायचं नाही, क्रमांक पिशवीवर. प्लायवूडचं कपाट बंद झालं की त्यातून आम्लाची वाफ सुटत राहते, म्हणून पावडर कोटिंग केलेलं लोखंडी कपाट बरं.

मूर्तींबद्दल मोकळेपणानं लिहायला हवं. पारावर, लिंबाखाली, तळ्याच्या पाळीवर ठेवलेली, शेंदूर लावलेली भंग मूर्ती कुणासाठी तरी माय आहे. ती पूजेत आहे तोवर तिला संग्रहालयात आणायचा अधिकार समितीला नाही, मग मूर्ती कितीही देखणी असो आणि तिच्यावर कितीही ऊन-पाऊस पडो. तिथेच नोंद करा. समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी, चेहऱ्याचा आणि एखाद्या टवक्याचा किंवा भेगेचा जवळून, शेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो. भेग आणि टवका हीच मूर्तीची ओळख, बनावट मूर्तीला तोच टवका करता येत नाही. छापील प्रती ग्रामपंचायतीत आणि तहसीलमध्ये ठेवा, मोबाईलमधले फोटो मोबाईलबरोबर जातात. ऑस्ट्रेलियाच्या नॅशनल गॅलरीनं २००८ साली पन्नास लाख डॉलरना घेतलेला नटराज २०१४ साली भारतात परत आला. तो तमिळनाडूतल्या श्रीपुरंतानचा हे दाखवायला पुद्दुचेरीच्या फ्रेंच संस्थेतले जुने फोटो कामी आले. त्या देवळातली मूर्ती कुणीतरी वेळेत टिपली होती. आपल्याकडच्या किती मायांचा एक तरी फोटो आहे?

देवस्थानाच्या पंचांना एवढं जरूर समजावून सांगा की मूर्तीला ऑइलपेंट देऊ नका आणि सिमेंटच्या ओट्यात गाडू नका. रंगाखाली ओल कोंडते आणि दगडाचा पापुद्रा सुटतो. सिमेंटमधले क्षार दगडात चढतात, आणि पुढे मूर्ती हलवायची वेळ आली तर पाय मोडल्याशिवाय निघत नाही. आदेश देऊन हे होत नाही. रंगाखालचा दगड भुगा झालेला एकदा दाखवला की लोक स्वतःच थांबतात.

माणसाची हाडं काचेत मांडू नका. कवटी ठेवली की गर्दी होते हे खरं, पण ती कुणाच्या तरी आप्ताची आहे. चित्र किंवा नकाशा लावा, हाडं अभ्यासासाठी विद्यापीठाकडे सोपवा, आणि जे ठरेल ते ग्रामसभेत ठरू द्या. गडचिरोलीच्या समित्यांना हे विशेष कळकळीनं सांगणं आहे. भामरागडकडच्या माडिया गोंडांमध्ये मृतांसाठी उभा दगड रोवण्याची चाल आजही आहे. तो दगड ‘पुरातन’ म्हणून हलवणं म्हणजे कुणाच्या घरातून त्याचा बाप उचलून आणणं.

पाटीवर जे माहीत आहे तेवढंच लिहा. ‘पाच हजार वर्षांपूर्वीची’ असं अंदाजपंचे लिहिलेलं पोरं पाठ करतात आणि मग ते पुसता येत नाही. जागा ठाऊक नसेल तर ‘सापडलेलं ठिकाण माहीत नाही’ असं स्पष्ट छापा. मात्र जागा ठाऊक असेल तेव्हा पाटीवर फक्त गाव आणि तालुका द्या. गट क्रमांक आणि खोली वहीतच राहू द्या, नाही तर गुप्तधनवाल्यांना तुम्हीच पत्ता दिल्यासारखं होईल. शिळावर्तुळाच्या मधोमध पाडलेले खड्डे बघा, ते याच वेडातून पडतात. त्या वर्तुळांत काय निघतं हे मोठ्या अक्षरांत लिहून लावा: गंजलेलं लोखंड, मातीची भांडी, हाडं, थोडे मणी. सोन्याचा हंडा निघत नाही. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, तेही त्याच पाटीवर यावं.

आणि सगळं फक्त तुमच्याकडूनच मागायचं असं नाही, तुम्हीही काही मागायला हवं. रामटेकजवळच्या मनसरची प्रसिद्ध शिवमूर्ती दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे, त्याच भागातल्या हमलापुरीला १९८२ साली मिळालेल्या बुद्धाच्या कांस्यमूर्ती नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात. तिथे त्या सुरक्षित आहेत. पण ज्या गावातून वस्तू गेली त्या गावाला तिचे चांगले फोटो, मराठीतला अहवाल आणि जमल्यास प्रतिकृती मिळावी, हे ग्रामसभेनं ठराव करून मागितलं पाहिजे. तुमच्या शिवारात उत्खनन झालं असेल तर अहवालाची प्रत मागा. प्रतिकृती मात्र प्रशिक्षित माणसाकडूनच. मूळ मूर्तीवर प्लास्टर थापून साचा काढू देऊ नका.

येत्या उन्हाळ्यात मामा (माजी मालगुजारी) तलावांचा आणि बोड्यांचा, म्हणजे छोट्या तळ्यांचा, गाळ निघेल. काम सुरू होण्याआधी जेसीबी चालवणाऱ्याला आणि ट्रॅक्टरवाल्यांना बसवून सांगा की मोठ्या जुन्या विटांची रांग, घडीव दगड किंवा खापरांचा थर लागला की बादली थांबवायची आणि फोन करायचा. कंत्राटदाराच्या कामाचा दिवस बुडू नये म्हणून तेवढा तुकडा सोडून दुसऱ्या टोकाला यंत्र लावायचं, हे आधीच लेखी ठरवून घ्या. वही, सेंटिमीटरची पट्टी, फॉइल, झिपच्या पिशव्या आणि दोन हवाबंद डबे ग्रामपंचायतीत त्याच दिवशी तयार असू द्या.

आपले,
विदर्भातल्या उत्खनन आणि संग्रहालयाच्या कामात असलेले काही सहकारी